खाज एकाची, औषध साऱ्या घराला

कामोठेकरांनो, आज रात्री जेवणं उरकून दिवे मालवले, की जरा कान देऊन ऐका. घरात कुणी खाजवतंय का? झोपेतच, कूस बदलत, कराकरा? लेकरू असेल, आजी असेल, कॉलेजला जाणारा मुलगा असेल. दिवसा तो काही बोलत नाही. रात्री मात्र त्याचे हात थांबत नाहीत. आठवडाभर हे चाललं असेल, तर घामोळं म्हणून सोडून देऊ नका. उष्णता म्हणून सब्जा पाजत बसू नका. ही खरूज असू शकते. आणि खरूज असेल, तर ती एव्हाना त्या एकट्याची राहिलेली नाही.

उठा, दिवा लावा आणि त्याचे हात बघा. बोटांच्या बेचक्या उघडून बघा. मनगटाची आतली बाजू बघा. काखेत, कोपराला, बेंबीभोवती, कमरेला नाडी किंवा बेल्ट बसतो तिथं बघा. जांघेत बघा, कुल्ल्यांवर बघा. बायकांना स्तनांभोवती आणि पुरुषांना लिंगावर पुटकुळ्या येतात, त्या कुणी आपणहून दाखवत नाही, म्हणून विचारा. तान्ह्या बाळाचे तळहात, तळपाय आणि डोकंही तपासा. बारीक लाल पुटकुळ्या दिसतील, नखांचे ओरखडे दिसतील. कधी कधी सेंटिमीटरभरही लांब नसलेली एक नागमोडी, राखाडी रेघ दिसेल. किड्यानं कातडीत खणलेलं ते बीळ आहे.

हा किडा नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती कातडीच्या वरच्या थरात शिरते, पुढं पुढं खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. महिना-दीड महिना ती जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि दोनेक आठवड्यांत नवी पिढी तयार होते. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर असे दहा-पंधराच किडे असतात. पण त्यांचं, त्यांच्या अंड्यांचं आणि विष्ठेचं शरीराला वावडं येतं, आणि मग जिथं किडा नाही तिथंही अंग खाजत सुटतं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट ऐका. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला पहिले चार ते सहा आठवडे खाजच येत नाही. शरीराला वावडं निर्माण व्हायला तेवढा वेळ लागतो. त्या काळात तो माणूस ठणठणीत दिसतो. लेकराला कुशीत घेऊन झोपतो, आईचे पाय चेपतो, धाकट्याला मांडीवर घेतो. आणि किडा पुढं जात राहतो. म्हणून "मला तर काही खाजत नाही, मी कशाला औषध लावू?" हे वाक्य घरात कुणी उच्चारलं, तर त्याला तिथंच थांबवा. ह्या एका वाक्यानं कितीतरी घरांत खरूज वर्षवर्ष मुक्काम ठोकून बसते.

आपलं कामोठं दाटीवाटीचं आहे. साताऱ्या-सांगलीहून, कोकणातून, उत्तरेकडून आलेली माणसं इथं वन रूम किचनमध्ये पाच-पाच, सहा-सहा जणांनी राहतात. महात्मा गांधी मिशनच्या (एमजीएम) परिसरात शिकणारी मुलं-मुली, नर्सिंगच्या विद्यार्थिनी शेअरिंगच्या खोल्यांत राहतात. तळोज्याच्या एमआयडीसीत आणि कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये राबणारी पोरं एकाच खोलीत सतरंजीला सतरंजी लावून झोपतात. ह्यात त्यांचा काही दोष नाही. घरभाडं परवडायला हवं ना. पण खरजेला हवं असतं ते नेमकं हेच: कातडीला कातडी लागून घालवलेला वेळ. दहा-पंधरा मिनिटांचा सलग स्पर्श तिला पुरतो. मानसरोवर स्टेशनातून लोकल पकडली आणि गर्दीत कुणाचा खांदा लागला, म्हणून खरूज होत नाही. हस्तांदोलन केल्यानंही सहसा होत नाही. ती होते मायेच्या जवळिकीतून. म्हणूनच ती घरात शिरली, की घराला धरून राहते.

आणि म्हणूनच खरजेची लाज बाळगू नका. ती घाणेरड्या माणसांना होते हा समज मनातून काढून टाका. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते. उंची टॉवरमधल्या घरातही होते, चाळीतही होते. १६८७ साली इटलीतल्या जोव्हान बोनोमो नावाच्या वैद्यानं सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचं चित्र काढलं, तेव्हाच खरजेचं कारण समोर आलं होतं. सव्वातीनशे वर्षं उलटली, तरी आपण अजून ती पदराआड झाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. जगात कुठल्याही क्षणी वीस कोटींहून अधिक माणसांना ती असते, असा ह्या संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या माणसांत तुमच्या घरचं एक असेल, तर त्यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? बोला. डॉक्टरांशी बोला, शेजारणीशी बोला, रूम पार्टनरशी बोला.

कारण लपवलेली खरूज थेट मेडिकलच्या काउंटरवर जाते. तिथून एक ट्यूब येते. "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं, की अनेकदा हातात पडतं ते स्टेरॉइड मिसळलेलं मलम. लावलं की दोन दिवसांत गार वाटतं. लाली उतरते. खाज निम्म्यावर येते. किडे मात्र जिवंत असतात आणि आता त्यांना अडवणारं कुणी उरत नाही. पुरळाचं रूप असं बदलतं, की पुढं जाणत्या डॉक्टरलाही ओळखताना अडचण यावी. कुणी त्याला गजकर्ण म्हणतं, कुणी ॲलर्जी. कातडी पातळ होते ती वेगळीच. त्वचारोगतज्ज्ञांनी ह्याविरुद्ध बराच काळ आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करणारा बदल केला. कायदा आहे. पाळणारे आपण आहोत.

मेडिकलवाल्या दादांनो, ताईंनो, तुम्हाला हात जोडून विनंती. रात्री वाढणारी खाज, घरात आणखी कुणाला खाज, अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर ट्यूब काढू नका. त्याला डॉक्टरकडे पाठवा. तुमचं एक गिऱ्हाईक कमी होईल, पण एका घराचे सहा महिने वाचतील.

आणि बाकीच्यांनो, दवाखान्यात जा. उद्याच जा. इथं कामोठ्यातच महात्मा गांधी मिशनचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथं त्वचारोगाची ओपीडी चालते. पनवेल महापालिकेचे दवाखाने आहेत. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशासाठी थांबू नका. जाताना एकटे जाऊ नका. ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांना न्या, आणि घरात किती माणसं राहतात ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. कुणाला दिवस गेलेत का, अंगावर पाजणारी आई आहे का, दोन महिन्यांहून लहान बाळ आहे का, हे आवर्जून सांगा. त्यांचं औषध वेगळं ठरवावं लागतं.

आता औषधाविषयी नीट वाचा, कारण बहुतेक घरं इथंच चुकतात. बहुतेक वेळा डॉक्टर पर्मेथ्रिनचं ५ टक्क्यांचं क्रीम देतात. ते खाजतं तिथं लावायचं नसतं. ते सगळ्या अंगाला लावायचं असतं, मानेपासून तळपायापर्यंत, इंचभरही न सोडता. बोटांच्या बेचक्यांत लावा. नखं कापा आणि नखांखाली लावा. पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, तिथं दुसऱ्यानं लावून द्या. बेंबीत, काखेत, जांघेत, कुल्ल्यांच्या मधे, तळव्यांना लावा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोक्याला नि कानामागंही लावायला डॉक्टर सांगतील, तसं करा. डोळे आणि तोंड तेवढं सांभाळा. अंग कोरडं आणि गार असताना, रात्री झोपण्यापूर्वी लावा आणि आठ ते बारा तास ठेवा. मधे भांडी घासलीत, हात धुतलेत, बाळाला धुतलंत, तर हातांना पुन्हा लावा. बाळ बोटं चोखत असेल तर त्याच्या हातांत मोजे घाला. सकाळी अंघोळ करा.

मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला साधारण ३० ग्रॅम क्रीम लागतं. पाच जणांच्या घरात एकच ट्यूब आणून सगळ्यांनी बोटभर लावली, तर ती वाया गेली असं समजा. डॉक्टरांकडून माणसांच्या हिशेबानं लिहून घ्या.

सगळ्यांनी एकाच रात्री लावा. हे मी पुन्हा सांगते, कारण सारा उपचार ह्याच एका गोष्टीवर उभा आहे. ज्याला खाज आहे त्यानंही, ज्याला नाही त्यानंही. रात्रपाळीला जाणाऱ्यानंही. चार दिवसांसाठी गावाहून आलेल्या मामांनीही. आज आईनं, रविवारी बाबांनी, परीक्षा संपल्यावर ताईनं असं केलंत, तर किडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि बरा झालेल्याकडे परत येतो. मग म्हणाल, औषधच लागू पडत नाही. क्रीम अपुरं पडल्याच्या तक्रारी हल्ली जगभर येतात हे खरं आहे, आणि अशा वेळी डॉक्टर औषध बदलून देतात. पण आधी स्वतःला विचारा: आपण सगळ्यांनी, सगळ्या अंगाला, एकाच रात्री लावलं होतं का?

आणि सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा एकदा, तसंच, सगळ्यांनी लावा. पहिल्या रात्रीतून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. त्यांतून निघालेल्यांनी नवी अंडी घालण्यापूर्वी त्यांना गाठायचं असतं. कॅलेंडरवर त्या तारखेवर आजच गोल करा. बरं वाटलं म्हणून दुसरी रात्र चुकवू नका.

कधी डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. कोविडच्या काळात तुम्ही हे नाव ऐकलंय. ज्या शोधातून ही गोळी आली, त्यासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा ह्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. खरजेवर ती खरोखर कामाची आहे. पण ती वजनावर मोजून द्यावी लागते. गरोदर बाईला आणि पंधरा किलोहून कमी वजनाच्या मुलाला सहसा देत नाहीत. म्हणून स्वतःच्या मनानं घेऊ नका, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. आणि कृपा करून पिकावर मारायचं औषध, झुरळांचा स्प्रे, रॉकेल, फिनेल अंगाला लावू नका. जुन्या बाटलीतलं गॅमा बेंझिनचं लोशन लेकरांना चोपडू नका. त्यानं झटके येऊ शकतात. कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातलीत तर घाला, बिचाऱ्या कातडीला बरं वाटेल, पण तेवढ्यावर थांबू नका. गंधक खरजेवर चालतं, हे आपल्या आज्या-पणज्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गंधकाचं मलम डॉक्टर आजही तान्ह्या बाळांना देतात. मात्र ते मलम काही रात्री ओळीनं लावावं लागतं. पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात एक बुडी मारून किड्याची अंडी मरत नाहीत.

कपड्यांची काळजी घ्या, पण तिनं घाबरून जाऊ नका. कामोठ्यात पाण्याची तंगी काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. टँकरची वाट बघणाऱ्या बाईला "घरातलं सगळं कापड उकळा" म्हणणं म्हणजे तिला उपचारच नको म्हणायला लावणं आहे. तेव्हा एवढंच करा. गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे क्रीम लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गोधड्या, ब्लँकेटं, जे धुता येत नाही, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगावेगळा हा किडा दोन-तीन दिवसांतच मरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डला केनेथ मेलन्बी ह्या शास्त्रज्ञानं स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे, त्यांची पांघरुणं ह्या स्वयंसेवकांना वापरायला दिली. फार थोड्यांना खरूज झाली. खरूज झालेल्यांसोबत एका बिछान्यात झोपल्यावर मात्र ती झाली. म्हणून एक दिवस पाणीच आलं नाही, तर धुणं राहू द्या. क्रीमची रात्र चुकवू नका. पेस्ट कंट्रोलवर पैसे घालवू नका. गल्लीतल्या कुत्र्याला हाकलू नका. त्याच्या खरजेचा किडा वेगळा, तो माणसाला थोडे दिवस खाज आणेल, पण माणसाच्या कातडीत संसार मांडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. औषध बरोबर लावूनही खाज लगेच जात नाही. किडे मेले तरी त्यांचं वावडं दोन ते चार आठवडे राहतं. धीर धरा. रोज उठून क्रीम फासू नका, त्यानंच कातडी कोरडी पडून खाजते. खोबरेल तेल लावा, खाज सोसवत नसेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्या. चार आठवड्यांनंतरही खाज असेल, किंवा नव्या पुटकुळ्या येत असतील, तर परत दाखवा.

आणि लेकरांच्या फोडांकडे डोळेझाक करू नका. खाजवून खाजवून कातडी सोलते, नखांतले जंतू आत जातात, पू धरतो. ह्या जंतूंपैकी काहींचं भांडण पुढं मूत्रपिंडापर्यंत पोचतं. पुवाळलेले फोड येऊन गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी मुलाचं तोंड सुजलेलं दिसलं, लघवी कमी झाली किंवा काळपट-लाल झाली, तर त्या दिवशी शाळा नको, क्लास नको, काही नको. थेट रुग्णालय गाठा. कातडीवरच्या पुटकुळ्यांनी एखाद्या सात वर्षांच्या पोराचं मूत्रपिंड दुखावावं, आणि ती पुटकुळी दोन रात्रींच्या क्रीमनं टळण्यासारखी असावी, ह्याहून जिवाला लागणारं दुसरं काय?

घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे? मधुमेहानं, कर्करोगाच्या औषधांनी किंवा एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती खालावलेलं कुणी? त्यांच्याकडे अधिक बारकाईनं बघा. अशा माणसांत कधी कधी हातापायांवर जाड, पांढुरक्या खपल्या धरतात. खाज असते किंवा नसतेही. त्या खपल्यांत हजारो, लाखो किडे असतात. तिथं मात्र पांघरुणातूनही खरूज पसरते. हे घरी बरं होणारं नाही, रुग्णालयात दाखवा. त्यांची शुश्रूषा करायला येणाऱ्या मावशींना ही गोष्ट सांगा आणि त्यांच्या घरच्यांचाही उपचार करून द्या. त्या तुमच्या आईला उचलून बसवतात. त्यांना कामावरून काढू नका.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनो, एका मुलाला खरूज निघाली, तर बाकीच्या सगळ्या आयांना त्याच संध्याकाळी सांगा. नाव घेऊ नका, फक्त सांगा. शिक्षकांनो, खाजवणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभं करू नका. पालकांना बोलावून हळू सांगा. पहिल्या रात्रीचा उपचार झाला, की मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ शकतं. पीजी आणि खानावळी चालवणाऱ्यांनो, एका कॉटवर दिवसपाळी आणि रात्रपाळी अशी दोन माणसं झोपवत असाल, तर निदान चादर वेगवेगळी द्या, आणि एकाला खाज सुटली, की अख्ख्या खोलीला डॉक्टरकडे पाठवा. त्याला खोली सोडायला सांगितलंत, तर तो किडा घेऊन पुढच्या खोलीत जाईल.

सगळ्यांनी मिळून केलं तर काय होतं, त्याचा दाखला आहे. फिजीच्या बेटांवर शंभरांतल्या बत्तीस जणांना खरूज होती. तिथल्या माणसांना, खाज असो वा नसो, बहुतेकांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आणि ज्यांना त्या चालत नाहीत त्यांना क्रीम दिलं. वर्षानंतर शंभरांत दोनच जणांना खरूज उरली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं लोकांनी एकमेकांना नावं ठेवत बसण्याऐवजी एकाच वेळी औषध घेतलं. आपली एक खोली, एक मजला, एक इमारत हे करू शकणार नाही का? सोसायटीच्या सेक्रेटरींनो, पाणीपट्टीची नोटीस लागते त्याच फळ्यावर चार ओळी लिहा: रात्री खाज वाढते का, घरात दोघांना खाज आहे का, डॉक्टरांना दाखवा, सगळे मिळून औषध लावा.

दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्टीला तुम्ही गावी जाता. एकाच गोधडीत पाच भावंडं झोपतात. खाज असेल तर जाण्यापूर्वी उपचार करून जा, आणि तिकडं कुणाला झाली असेल तर इकडं येण्यापूर्वी त्यांना दवाखान्यात न्या. परतल्यावर महिनाभर लेकरांच्या बोटांच्या बेचक्यांवर नजर ठेवा.

आज रात्री दिवा लावून हात बघा. काही दिसलं तर उद्या सकाळी केसपेपर काढा. घरातल्या प्रत्येकासाठी औषध आणा, एकाच रात्री लावा, आणि आठव्या दिवशी पुन्हा लावा.